काकांच्या वजनावर लावलेली गाडी

आपलं वजन वाढलंय हे माणसाला सगळ्यात शेवटी कळतं, आणि काकांना तर ते कळून घ्यायचंच नव्हतं. शर्यतीच्या गाड्यांच्या गॅरेजात ते मेकॅनिक, आणि त्यांची सख्खी पुतणी ड्रायव्हर. गाडीची उंची लावायला अर्धा दिवस जाई. तेवढ्यात पुतणी ट्रॅक पायी फिरून बघे आणि तिच्या वजनाचे म्हणून काका आत बसत. हा मान त्यांनी कधी कोणाला दिला नाही. गाडी जागची हलत नसे, पण काकांचा तोरा शर्यत जिंकल्याचा.

गाडी नाकाकडे खाली आणि शेपटाकडे जरा वर ठेवायची, याला तिथे रेक म्हणत. मग तळाखालची हवा वेगाने पळते आणि गाडीला जमिनीकडे ओढून धरते. पण अति तिथे माती. शेपूट फार वर गेलं की बाजूची हवा तळाखाली घुसते, ओढ जाते आणि वळणावर गाडी मागून सटकते.

यंदा पुतणी प्रत्येक वळणावर सटकत होती. उद्याच्या शर्यतीतही असंच झालं तर दुसरा ड्रायव्हर बघू, असं मालकांनी सांगून टाकलं. पोर बिचारी स्वतःलाच दोष देत बसली. काकांनी धीर द्यायला बिस्किटांचा पुडा फोडला. तिने एकही घेतलं नाही, तेव्हा सगळी त्यांनाच संपवावी लागली. उठताना पँटचा हूक तुटला आणि काकांची नजर पोटावरून गाडीच्या शेपटाकडे गेली.

गाडीत ते बसले की मागच्या मऊ स्प्रिंगा दबत, आणि ते ऐटीत सांगत, मागून अजून उचला. नंतर हलकी पुतणी बसली की शेपूट आभाळाला.

गप्प बसले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. पण काकांनी सगळ्यांना बोलावलं आणि वजनकाट्यावर चढले. हशा पिकला.

"पोरीचं काही चुकत नाही," ते म्हणाले. "गाडी तिच्यासाठी लावलेलीच नाही. माझ्या पोटासाठी लावलीय."

उंची नव्याने लावायला मालकांनी पुतणीच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या आणवल्या. त्या सीटवर ठेवताना काकांना फार वाईट वाटलं. पट्टा मात्र त्यांनी स्वतः आवळला.

दुसऱ्या दिवशी गाडी वळणांना चिकटून गेली. मालक खुशीत म्हणाले, "पुढच्या शर्यतीलाही हीच पोर. आणि याच पिशव्या."

काकांनी दोन्हीला मान डोलावली.