मालगुजारांची जुनी वंशावळ

आजोबा तेलंगणातून भंडाऱ्याला आले, ते सुया, आरी आणि एक कात्री घेऊन. कचेऱ्यांची रजिस्टरं बांधण्याचं काम त्यांनी सुरू केलं. पुढे ते वडिलांकडे आलं आणि आता माझ्याकडे. तिसरी पिढी चालू आहे, तरी लोक अजून ‘तेलंग्याचं दुकान’च म्हणतात. पाटी वाचायची तसदी कुणी घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी आसगावकडचे एक गृहस्थ आले. आपले पणजोबा मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार होते, हे त्यांनी खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं. सोबत घराण्याची वंशावळ होती, कॉम्प्युटरवर ताजी छापलेली. तिच्यातला मूळ पुरुष म्हणे राजाच्या फौजेत सरदार. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी छापणाऱ्या दुकानाचा मोबाइल नंबर!

“याचं बुक बांधून द्या,” ते म्हणाले. “पन जुनं दिसलं पायजे. शंभर वर्षांचं. पोराच्या सोयरिकीले नागपूरचे पाहुने येऊन राहिले.”

“बांधून देतो,” वडील म्हणाले. “जुनं कसं करू? ते आपोआप होते.”

“तुमाले नाही समजनार. खानदान काय असते, बाहेरच्या मानसाले काय मालूम!”

वडील आत निघून गेले. मी म्हटलं, “मी करून देते.” माणूस किती मूर्ख असू शकतो ते बघू या, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर हात रिकामे होते. कचेऱ्यांची कामं केव्हाच आटली होती.

आधी ते मोबाइल नंबर कापले. मग पानं चहाच्या पाण्यात बुडवून गच्चीवर वाळवली. सरदारसाहेब चांगले पिवळे पडले. कडा घासल्या, पुठ्ठ्यावर एका जुन्या रजिस्टरचं कातडं चढवलं. चार दिवसांत घराणं तयार झालं.

पोचवायला मीच गेले. पाहुणे बसलेच होते. मुलीच्या वडिलांनी पुस्तक दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. “असा कागद आता कोठी भेटते!” ते म्हणाले. अक्षरं कॉम्प्युटरची आहेत, हे एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही दिसलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, “तुमी कोठच्या?”

“भंडाऱ्याची.”

“हे लोकं तेलंगी आहेत,” यजमानांनी परस्पर खुलासा केला. “इथले नाहीत.”

त्यांच्या हातातलं घराणं अजून नीट वाळलंही नव्हतं.

सोयरीक जमली. महिन्याभरात आणखी एक मालगुजार उगवले. त्यांना दीडशे वर्षं हवी होती. या वेळी वडील आत निघून गेले नाहीत. “माझ्या बापाची हाडं इथं वैनगंगेत गेली,” ते म्हणाले, “तरी आमी बाहेरचे. आन तुमी दोन कप चहात जुने व्हायले निघाले. जा, घरीच भिजवा.”

ते गृहस्थ तणतणत उतरले. मी त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावले, माफी मागितली आणि कागद घेऊन आले. मालगुजारांना हसायची माझी लायकी तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी स्वतःपुरती चिकटवायची वेगळी खळ शिजवली आणि महिनाभर माझ्या भांड्यात ब्रश बुडवला नाही.