पायी निघालेली ड्रायव्हरबाई

डेपोत तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. अर्धं आयुष्य शहराची बस चालवण्यात गेलं होतं. कमरेने केव्हाच हात टेकले होते आणि ब्रेक दाबून दाबून उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. घरी ती एका नर्सबरोबर राहायची. डेपोला वाटे, खोलीतली सोबतीण असेल. घरमालकिणीला वाटे, मामेबहिणी असाव्यात. दोघींनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण संसार मात्र रीतसर चालला होता. भांडणं, अबोला, एकमेकींच्या आयांची आजारपणं, काही म्हणून चुकलं नव्हतं.

दर वर्षी शहरात प्राइड परेड निघे. समलिंगी माणसं, त्यांचे मित्र, एखाद्याचे आईबापही रंगीत झेंडे घेऊन भर रस्त्यातून चालत जात. नर्स न चुकता जाई. ड्रायव्हरबाईची नेमकी त्या दिवशी ड्युटी असे. चौकात बस अडकून पडे, मागे प्रवासी कावत, आणि ती काचेतून गर्दीत एकच चेहरा शोधत बसे. एकदा तो सापडला. तिने हळूच हॉर्न वाजवला, नर्सने हात वर केला. बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणी बाई बसला हात करतेय.

या वर्षी नर्स म्हणाली, "तूही चल."

"माझे पाय बघितलेस का?"

"रोज मीच चोळते ते, मला काय दाखवतेस? तिथे लोक विचारतात, तुमचं कुणी आहे का? मी म्हणते, आहे, ड्युटीवर आहे. इतकी वर्षं सांगतेय, आता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलंय."

ड्रायव्हरबाईने रजा टाकली.

परेडमध्ये ढोल कानाशीच बडवत होते. पोरंपोरी घोषणा देत होती, त्यातल्या निम्म्या तिला कळल्या नाहीत. मोठमोठ्या कंपन्यांचे फुगे डोक्यावरून चालले होते. अभिमान वगैरे काही दाटून आला नाही, घाम तेवढा आला. अर्ध्या वाटेत गुडघ्याने दगा दिला, तशी ती नर्सचा हात धरून कडेला सरकली.

कडेच्या गल्लीत बसगाड्या अडकल्या होत्या. पहिल्याच गाडीच्या खिडकीतून हाक आली, "अगं पोरी! तू इथे?"

ते मामा होते. डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर, म्हणून सगळ्यांचेच मामा. हिला बस शिकवली ती त्यांनीच, आणि हिचं लग्न व्हावं म्हणून वर्षानुवर्षं स्थळंही त्यांनीच आणली.

"रस्ता ओलांडायचाय ना? जरा थांब, ही गर्दी जाऊ दे," मामा म्हणाले.

उत्तर आयतंच हातात आलं होतं. नुसती मान हलवली की झालं. नर्सने सवयीने तिचा हात सोडलाही. ते सोडणं ड्रायव्हरबाईला फारच सहज वाटलं. तिने तो हात पुन्हा धरला.

"नाही मामा. परेडलाच आलेय. ही माझी... नवराबायको असतात ना, तशा आम्ही दोघी आहोत."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो ड्रायव्हर, गाडी हलणार कधी?"

"हलेल तेव्हा हलेल!" मामा मागे वळून खेकसले. मग खाली वाकून म्हणाले, "म्हणजे मी आणलेली ती सगळी स्थळं..."

"नाही म्हणता म्हणता जीव मेटाकुटीला आला होता, मामा."

मामा हसले नाहीत. त्यांनी दार उघडलं. "वाकडी उभी आहेस. चढा वर, दोघीही."

दोघी पुढच्या सीटवर बसल्या. मग आरशात बघत मामांनी नर्सला विचारलं, "हिच्या गुडघ्याला काय करता तुम्ही?"

"शेक देते. पण ऐकेल तर शपथ."

"गाडी शिकतानाही हेच," मामा म्हणाले.

परेडचं शेपूट आलं तेव्हा नर्स म्हणाली, "बस तू इथेच. मी जाऊन येते."

"नको. हळूहळू जाऊ," म्हणत ड्रायव्हरबाई दांडा धरून उतरली. रस्ता झाडणाऱ्यांच्या थोडं पुढे, पाय ओढत, दोघी शेवटपर्यंत गेल्या.

डेपोत बातमी तिच्या आधी पोचली होती. मामांनी सांगितली नव्हती, मागच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर काही आंधळे नव्हते. जेवणाच्या सुट्टीत ती टेबलाशी आली, तशा तिकीट खिडकीतल्या दोघी डबे उचलून पलीकडे गेल्या. साहेबांनी तिला पहाटेची पाळी लावली आणि वर म्हणाले, योगायोग आहे. ती भांडली नाही. भांडायला अंगात त्राणच नव्हतं.

मामा डबा घेऊन आले आणि समोर बसले.

"खोटं कशाला बोलू, मला अजून हे पचलेलं नाही," ते म्हणाले. "पण जेवायला मी इथेच बसणार."

"बसा," ती म्हणाली, आणि तिने आपला डबा थोडा बाजूला सरकवला.

मामा मग नव्या गाड्यांच्या ब्रेकवर बोलत राहिले. अर्धं तिने ऐकलंच नाही. कुणाला ती सोबतीण वाटते आणि कुणाला मामेबहीण, हे आता लक्षात ठेवायला नको, एवढंच तिच्या मनात येत होतं.