इंजिन नदीत धुणारा जावई

गेल्या महिन्यात सुनेनं घरी एक मशीन आणलं. लांब सोंड, खाली चाकं, बटन दाबलं की घुंघुं करत कचरा गिळतं. मी विचारलं, "याले काय म्हंतात वो बाई?" म्हणे, "क्लीनर, बाबा." मी इतका हसलो की ठसका लागला. माझी बायको जाऊन आठ महिने झाले. सुनेला वाटलं, म्हातारं आता पुरतं सटकलं. पण मी त्या मशीनकडे भावकीतल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होतो. सात वर्षं मी स्वतः क्लीनर होतो, आणि त्या एका शब्दापायी माझं लगीन मोडता मोडता राहिलं.

मी अकोल्याच्या एका मालट्रकवर होतो. कापसाच्या गाठी अकोल्याहून अमरावतीला न्यायच्या. ट्रकवरचा क्लीनर म्हणजे साफसफाई सोडून सगळं करणारा माणूस. हँडल मारून गाडी चालू करायची, चढावर चाकामागं लाकडाचा ठोकळा टाकायचा, ताडपत्री बांधायची आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे आमच्या उस्तादाच्या, शिव्या खायच्या. पावसात समोरच्या काचेला विडीतली तंबाखू चोळायची, म्हणजे पाणी थांबत नाही. पंधरा दिवसांतून एकदा गाडी काटेपूर्णेच्या पात्रात उतरवून धुवायची. झाली साफसफाई. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत.

माझ्या मावशानं बडनेऱ्याला सोयरीक काढली. मुलीचा बाप रेल्वेत गँगमन. मावसा त्यांना एवढंच बोलला होता, "पोट्टा अकोल्याले क्लीनर हाय." आता बडनेरा पडलं जंक्शन. तिथं क्लीनर म्हटलं की लोकांना इंजिन पुसणारा क्लीनर दिसतो. सरकारी नोकरी. आज इंजिन पुसतो, उद्या कोळसा टाकणारा फायरमन होतो, परवा ड्रायव्हर. मावशाला हे आधीच ठाऊक होतं, असा माझा आजही वहीम आहे. पण तो कबूल न करताच मेला.

वैशाखातली दुपार. अंगणात लिंबाखाली बाज टाकलेली. पोरगी पोहे घेऊन आली आणि मान खाली न घालता सरळ माझ्याकडे पाहून गेली. बस. मला तिथंच वाटलं, लगीन करीन तर इथंच.

बापानं चौकशी सुरू केली. "गाडीवर कितीक जन असता?"

"दोघं. मी आन् उस्ताद."

"तिसरा कोनी नाई?"

"कधी कधी एखांदी बकरी असते."

त्यांनी जरा डोळे बारीक केले. "घरच्याइले पास भेटते काय?"

"पास कायले पाह्यजे? गाठीवर बसायचं."

"बरं, इंजिन धुता कुठीसा?"

"नदीत."

"इंजिन? नदीत?"

"हो जी. काटेपूर्णेत. चाकं बुडेपर्यंत नेतो."

त्यांचा पोह्याचा घास हातातच राहिला. "आन् रूळ?"

"रूळ कायचे?"

मावशानं माझ्या पायावर पाय दिला. "शेडमधी म्हनते तो, शेडमधी. लाजून राहिला पोट्टा." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पोरगी दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि बोलून गेलो, "नाई जी. मी रेल्वेतला नाई. मी ट्रकवरचा क्लीनर हाय."

मुलीचा मामा शाळेत चपराशी, इंग्रजीची चार पुस्तकं शिकलेला. तो उठलाच. "इंग्रजीत क्लीनर म्हंजे साफ करनारा. झाडूवाला! नवा धर्म घेतला, गावकीचे कामं टाकून दिले, दोन वर्सं नाई झाले त्याले. आन् आता जावई झाडूवाला आनता?"

हे लागलं. ती कामं माझ्या बापानंही केली होती आणि एका दिवसात टाकली होती. तेच सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडच्या मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं बोंबलली, "क्लीन बोल्ड!"

मामा म्हणाला, "घ्या. पोट्टे बी तेच सांगून राहिले."

दारातून आवाज आला, "मामा, गावाची घान काढनं येगळं आन् आपलं आंगन झाडनं येगळं. तुमच्या पुस्तकात साफ करनारा लिवलं हाय न? मंग पाहुण्याले इचारा, घरचं झाडसान काय?"

त्या काळात बाप्या माणसानं घरी झाडू धरणं म्हणजे मिशी काढण्यासारखं. मी म्हटलं, "झाडीन."

"मंग झाडा आता. बोलते कोनीबी."

मी खराटा उचलला. पुढं सांगायची लाज वाटते. वारा कुठून येतो ते पाहिलंच नाही. खसाखसा झाडत सुटलो आणि सगळी धूळ उडून बाजेवर, मामाच्या टोपीवर, सगळ्यांच्या पोह्यांत.

"वाऱ्याच्या तोंडावर कोनी झाडते काय जी?" पोरगी ओरडली.

पहिली तिची माय हसली. मग बाप पोह्याची ताटली झटकत म्हणाला, "जाऊ द्या. इंजिन नदीत धुनारा मानूस, त्याले वाऱ्याचं काय समजन?" आणि आत हाक दिली, "दुसरे पोहे टाका वो. जावयाले बी."

लग्न नव्या रीतीचं, पांढऱ्या कपड्यांतलं. माझ्या नखांतलं काळं ऑइल काही निघेना. सासऱ्यानं सकाळी घासलेट आणि रेती घेऊन माझे हात कातडं निघेपर्यंत घासले. "क्लीनरले क्लीन करून राहिलो," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मामा पुढं आमच्या घरी मुक्कामाला यायचा तेव्हा पोह्यांवर हात झाकूनच बसायचा.

मी बायकोला विचारलं होतं, त्या दिवशी मधात काहून बोलली म्हणून. ती म्हणाली, "नुसती मान हालवाची होती. तुमच्यानं हालवली गेली नाई. मले वाटलं, याले खोटं बोलाचं तंत्र नाई, कामाचा हाय." पुढं तिनं मला जन्मभर क्लीनरच म्हटलं आणि जन्मभर अंगण माझ्याकडून झाडून घेतलं. रोज दारात उभी राहून, "वारा पाहा जी, वारा."

सुनेचं मशीन अंगणात येत नाही, वायर पुरत नाही. म्हणून सकाळचा खराटा अजून माझाच. वारा कुठून येतो ते मला आता चांगलं समजतं. तरी मी त्याच्या तोंडावरच झाडतो. धूळ सरळ घरात जाते. सून ओरडते, "बाबा, आत्ताच मशीन फिरवलं होतं!" वाऱ्याचं काही बोलत नाही. मी खराटा थांबवून दाराकडे पाहतो, मग उरलेलं झाडून घेतो.