कपाळावरची आठी

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानांतले, गोदामांतले, सोनारांकडचे काचेच्या पेटीतले. पारड्यात वजन ठेवलं की काटा डोलायला लागतो, आणि तो पुरता थांबेपर्यंत भावोजी तोंड उघडत नसत. गिऱ्हाईक विचारून विचारून थकायचं. यांचं उत्तर एकच, काटा थांबू दे. धंद्यात या सवयीने त्यांचं नाव झालं. घरात मात्र तिने आम्हा सगळ्यांचा जीव खाल्ला. छताला पंखा घ्यायचा म्हणून त्यांनी दोन उन्हाळे नुसते पंखे ऐकत काढले. चपला घ्यायला गेले की दुकानदार गडीमाणसाला पुढे करून आत जाऊन बसायचा. मी त्यांचं नाव काटेकोरराव ठेवलं होतं. ते हसायचे, पण तेही जरा थांबून.

ताईने या माणसाबरोबर सुखाने संसार केला. तिला घाई नावाची गोष्टच माहीत नव्हती. त्यांना एकच मुलगा झाला. त्याला सगळे खारू म्हणायचे, कारण दिसेल त्यावर तो चढायचा. कपाटावर, गजांवर, बापाच्या खांद्यावर. आणि त्याच्या कपाळाला कायम आठी. जेवताना आठी, खेळताना आठी, झोपेतसुद्धा आठी. ताई येताजाता त्याच्या कपाळावर अंगठा दाबून ती आठी पुसायची आणि विचारायची, "गेली का आठी?" तो म्हणायचा, "गेली." अंगठा उचलला की आठी परत जागेवर. हा त्यांचा दिवसभराचा खेळ होता.

शाळेत जायच्या वयातच खारू तापाने गेला. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. घरात पुन्हा मूल झालं नाही, आणि ताईचा अंगठा रिकामा राहिला.

त्याचा एकच चांगला फोटो होता. भावोजींनी लग्नाआधी एका मित्राच्या डार्करूममध्ये पुष्कळ दिवस हात बुडवले होते. त्या मित्राच्याच जुन्या कॅमेऱ्याने त्यांनी खारूला गच्चीच्या कठड्यापाशी उभं करून हा फोटो घेतला आणि धुतलाही स्वतः. ऊन डोळ्यांवर, त्यामुळे आठी नेहमीपेक्षाही खोल. तो चौकट करून भिंतीवर लावला. भिंतीपलीकडे न्हाणीघर. बरीच वर्षं ओल धरत गेली, आणि एकदा भावोजींनी चौकट उघडली तर फोटो काचेला चिकटलेला. हलक्या हाताने सोडवायला गेले. कागद सुटला, चेहरा काचेवरच राहिला. ताई एवढंच म्हणाली की ती काच धुवायची नाही.

निगेटिव तेवढी शाबूत होती. चांगली मोठी, चौकोनी, लोखंडी कपाटात ताईच्या साड्यांखाली पुडीत ठेवलेली.

मग ताईच्या रक्तातल्या साखरेने डोळे धरले. आधी बारीक अक्षरं गेली, मग मोठी, मग माणसांच्या तोंडांवर धुकं आलं. आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी उपचार चालू केले, पण आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की पडद्यावर कधीही रक्त उतरेल, कधी ते सांगता येणार नाही, तेव्हा जे बघायचंय ते बघून घेऊ द्या. आम्ही ताईला ते सांगायला चाचरत होतो. तिने दाराआडून ऐकलं होतं. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मला त्याचं तोंड एकदा बघायचंय. परातीएवढं मोठं करा, म्हणजे दिसेल."

भावोजी दुसऱ्याच दिवशी निगेटिव घेऊन स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने ती कॉम्प्युटरवर चढवली आणि आपल्या समजुतीने सगळं छान केलं. रंग उजळला, कपाळ साफ केलं, ओठांच्या कडा जरा वर ओढून मुलाला हसवलं. ताईने तो मोठा फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग माझ्याकडे देऊन विचारलं, "हा कोणाचा मुलगा गं?"

स्टुडिओवाला बिचारा दुसरा काढून द्यायला तयार होता. पण भावोजींचा विश्वास उडाला. हे लोक हात लावल्याशिवाय राहायचे नाहीत, त्यांनी ठरवून टाकलं. फोटो आपणच काढायचा, घरी, न्हाणीघरात अंधार करून. कागद आणि औषधं कुठे मिळतात ते त्यांनी शोधलं. झरोक्याला जाड काळं कापड, दाराच्या फटीला जुनी चादर, वर लाल दिवा, बादल्यांवर फळी. रोज अंघोळही तिथेच करायची, तेव्हा हे सगळं काम झालं की उचलून ठेवता आलं पाहिजे. राहिलं फक्त एन्लार्जर, म्हणजे निगेटिवमधून उजेड सोडून खालच्या कागदावर चित्र मोठं पाडणारं यंत्र. जन्मात पहिल्यांदा स्वतःचा एन्लार्जर घ्यायचा होता, आणि निवड करणार होते काटेकोरराव.

पहिला एन्लार्जर वर्तमानपत्रातून निवृत्त झालेल्या एका फोटोग्राफरकडे होता. छोटा, हलका, एका हाताने उचलावा असा. मला तो फार आवडला. पण तो होता बारीक फिल्मसाठी. आमची चौकोनी निगेटिव त्याच्या खाचेत बसेना. फोटोग्राफर अनुभवी माणूस. त्याने निगेटिव उजेडावर धरली आणि म्हणाला की चेहरा तर एवढासाच आहे, बाजूची गच्ची नि कठडा कात्रीने उडवला की तोंड बरोबर खाचेत येईल. म्हणणं सोळा आणे खरं होतं. ताईला तोंडच हवं होतं, कठडा कोणाला बघायचा होता? मी भावोजींना कोपराने ढोसलं.

भावोजींनी निगेटिव त्याच्या हातातून काढून घेतली. पुडीत घातली, पुडी खिशात, खिशावर हात. जिना उतरताना मी चिडून बोलायला लागले तर त्यांनी मला एवढंच विचारलं, "त्याला कात्री लावू?" त्या दिवशी तरी मला पुढे त्यांचा राग आला नाही.

दुसरा बंद पडलेल्या एका स्टुडिओत होता. थोराड, ओतीव लोखंडाचा, आमच्या निगेटिवपेक्षाही मोठी निगेटिव पोटात घेणारा. मालक अडगळ जातेय म्हणून खुशीत होता. भावोजींनी दोरीने त्याची उंची मापली, घरी येऊन तीच दोरी न्हाणीघरात धरली. वर माळा, माळ्यावर पाण्याची टाकी. यंत्राचं डोकं वर सरकायला जागाच नाही, आणि डोकं वर गेलं नाही तर फोटो मोठा होत नाही. भावोजी एका बशीवर दोरी धरून मला म्हणाले की फोटो एवढाच येईल, परातीएवढा नाही. ताई बाहेरून विचारत होती, झालं का माप? आम्ही दोघांनी, बघतोय, असं सांगितलं.

तिसरा बराच शोध घेतल्यावर सापडला. एक फोटोग्राफर वारला होता आणि त्याच्या बायकोने त्याचं सामान पलंगाखाली झाकून ठेवलं होतं. चौकोनी निगेटिव बरोबर बसायची, यंत्राचा खांब माळ्याखाली मावायचा, दोन तुकडे करून ठेवता यायचा. मी देवाचे आभार मानले. भावोजींनी तो तिथेच जमिनीवर बसून तपासला. खांबाला टिचकी मारून तो किती वेळ थरथरतो ते पाहिलं. दिवा पाहिला, निगेटिव धरणारी पट्टी पाहिली. मग भिंग काढून खिडकीपाशी नेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. भिंगात बुरशी होती. कडेला, पांढऱ्या केसासारख्या दोनचार रेघा.

मी म्हटलं, असू दे. त्या बाईही म्हणाल्या, त्यांचे शेवटचे फोटो याच भिंगातून निघालेत. पण भावोजी ऐकेनात. या रेघांनी चित्रावर धूसरपणा आला तर? तिच्या डोळ्यांपुढे आधीच धुकं आहे, त्यात फोटोतही धुकं घालू? भिंगं उघडून साफ करणारा एक कारागीर दुसऱ्या शहरात होता. भिंग त्याच्याकडे जाईल, साफ होऊन येईल, तोवर यंत्र बाईंकडेच राहील. असा त्यांचा बेत.

मी त्या दिवशी त्यांच्यावर तोंड सोडलं. त्यांच्या वयाचा, मानाचा विचार केला नाही. मी म्हटलं, "भावोजी, तुमचा काटा थांबेपर्यंत तिचे डोळे थांबणार नाहीत."

ते हळूच म्हणाले, "एकदाच बघणार आहे गं ती. पुन्हा एकदा चुकीचं कसं दाखवू?"

भिंग गेलं. कारागिराचा निरोप आला की काम हातात घेतलंय. ताई रोज विचारायची आणि भावोजी रोज सांगायचे, येतंय. न्हाणीघरातलं काळं कापड त्यांनी दोनदा सोडून पुन्हा शिवलं, कारण सुईच्या भोकातून उजेड येत होता. ताई त्यांना हसली. मला म्हणाली, बघ, टाके घालताहेत, मला कधी बटण लावून दिलं नाही. तेव्हा ती अजून हसत होती.

मग एका सकाळी मी गेले तर ताई ओट्यापाशी उभी. तिने कपात चहा ओतला आणि तो सगळा कपाशेजारी ओट्यावर सांडला. किटली रिकामी झाल्यावर तिने ती खाली ठेवली आणि म्हणाली, कालपासून सगळं लालसर होतं, आज काहीच नाही. तिने कोणाला हाक मारली नव्हती. भावोजी कामावर जायचे होते, म्हणून त्यांना चहा करून देत होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलं होतं आणि पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया करूनही नजर येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. भावोजींनी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं.

मला वाटलं, आता एन्लार्जरचा विषय संपला. पण घरी आल्यावर ताईच म्हणाली, "अहो, फोटो काढा. मला हातात तरी द्या." भावोजी उठले आणि त्या बाईंकडे गेले. कारागिराला भिंग उघडताच आलं नाही म्हणून त्याने ते नुकतंच बाईंच्या पत्त्यावर तसंच परत पाठवलं होतं, बुरशीसकट. ते त्यांनी घेतलं, यंत्र घेतलं, रिक्षात मांडीवर धरून आणलं.

दुपारी त्यांनी न्हाणीघरात सगळं मांडलं. मी मदतीला आत, ताई बाहेर दाराला टेकून स्टुलावर. लाल उजेडात भावोजींनी कागद औषधात सोडला आणि ताट हलवायला लागले. आधी काहीच नाही. मग कठड्याची रेघ, मग केस, मग डोळे, आणि मग आठी. परातीएवढा खारू पाण्यातून आमच्याकडे त्रासून बघत होता. मी तोंडात पदर कोंबला. त्या भिंगाच्या रेघांचा कागदावर कुठे मागमूस नव्हता. पापण्या मोजाव्यात इतकं सगळं स्वच्छ आलं होतं. भावोजींनी कागद जवळ धरून चारी कडा पाहिल्या. त्यांनाही ते दिसलं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "काही फरक पडला नसता."

टोमणे मारायची माझी जीभ होती, ती त्या दिवशी उचलली गेली नाही.

दारावर ताईची बोटं वाजली. ओल्या फोटोला हात लावायचा नसतो, वरचा थर सायीसारखा मऊ असतो. हे मला भावोजींनीच आत येताना बजावलं होतं. पण त्यांनी फोटो धुतला, पाणी निथळू दिलं आणि दार उघडून तसाच ताईच्या मांडीवर ठेवला.

ताईने कडा चाचपल्या. परातीएवढा आहे म्हणाली. मग दोन्ही पंजे कागदावरून फिरवले. तिला काय हाताला लागणार होतं? मग तिने विचारलं, "आठी आहे ना? हसवलं नाही ना त्याला?"

"आहे," भावोजी म्हणाले.

"कुठे?"

भावोजी तिच्यासमोर फरशीवर बसले. त्यांनी तिचा अंगठा धरला आणि नेमका कपाळाच्या मधोमध नेऊन टेकवला. केसाचाही फरक नव्हता. ताई तो अंगठा दाबून फिरवायला लागली, नाकापासून वर, जशी तेव्हा फिरवायची. मला दिसत होतं की थर खरवडला जातोय. मी तिचा हात धरायला पुढे झाले, तर भावोजींनी मला मागे सारलं. कागद कपाळापाशी पांढरा पडत गेला. ताई पुसत राहिली.

"गेली का आठी?" तिने विचारलं.

भावोजी नेहमीसारखे थांबले. त्यांनी कागदाकडे नीट पाहिलं. कपाळाच्या जागी फक्त एक गोरा, गुळगुळीत डाग होता.

"गेली," ते म्हणाले.

जन्मभर मोजल्याशिवाय न बोललेला माणूस, तो तेव्हाही खरंच बोलला होता. ताईने अंगठा उचलला आणि बराच वेळ तसाच हवेत धरून ठेवला, आठी परत येईल म्हणून. मग ती रडली. मुलगा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

निगेटिव होती, कागद होते, यंत्र मांडलेलं होतं. मी भावोजींना विचारलं, दुसरा काढायचा का? त्यांनी नको म्हणून मान हलवली. संध्याकाळी त्यांनी झरोक्यावरचं कापड सोडलं, एन्लार्जरचे दोन तुकडे केले आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईंकडे नेऊन दिले. तो फोटो आता आतल्या खोलीत आहे, ओल नसलेल्या भिंतीवर, ताईच्या हाताला येईल इतक्या खाली.