मामांनी सुधारलेला पॉइंट

उपाशी जिवाणू फार देखणे दिसतात. एवढ्या एका वाक्यावर मी नऊ वर्षं पीएचडी करत होतो, हसू नका.

पोटभर मिळालं की जिवाणूंची वसाहत गोल, गुबगुबीत पसरते. अन्न तुटपुंजं असलं की तिला झाडासारख्या फांद्या फुटतात. मी उल्हासनगरच्या कॉलेजात गणित शिकवतो. बदलापूरच्या घरी, जेवणाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, माझी समीकरणं अशी काही झाडं उगवायची की बायको म्हणे, "रांगोळी झाली असेल तर ताटं मांडू?" गाईड मात्र बधेनात. खऱ्या जिवाणूंचे फोटो आणा, तुमच्या फांद्यांशी जुळवा, मगच प्रबंध. दोन मुदतवाढी संपल्या होत्या. महिनाअखेरीस नोंदणी रद्द होणार होती.

मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी लॅबमध्ये कोपरा दिला. बशांत जिवाणूंचं खाद्य ओतायचं काम लॅबमधल्या मामांचं. चामटोलीहून येत, निवृत्तीला टेकलेले. एरवी त्यात लिटरला पाच ग्रॅम पेप्टोन, म्हणजे खरं अन्न, पडतं, तिथे मी चिठ्ठीवर लिहिलं, ०.५. बशा कपाटात गेल्या. तीन आठवडे दार उघडायचं नाही, अशी मॅडमची ताकीद. मी त्या कपाटापुढून बाळंतिणीच्या खोलीपुढून जावं तसा पाय न वाजवता जायचो.

दार उघडलं. बारा बशा, बारा भाकऱ्या! जाडजूड, टम्म, फांदी म्हणून औषधाला नाही.

"मामा, पेप्टोन किती घातलंत?"

मामा कानाशी आले. "बोललो नाय कोणाला, सर. तुमचा पॉइंट चुकला होता. गणिताच्या मास्तरची मॅडमसमोर शोभा कशाला? मीच गपचूप पाच टाकलं."

हातात चार दिवस होते. फांद्या फुटायला तीन आठवडे लागतात.

"जमलं ना, सर?" त्यांचा चेहरा असा उजळलेला, की काय सांगू!

"जमलं, मामा. वाचवलंत."

नोंदणी गेली. या वयात नवी कोण देतो? पण मामा आता रोज सकाळी गेटपासूनच गर्जतात, "नमस्ते, डॉक्टरसाहेब!" कँटीनवाला तसंच म्हणतो, पोरंही म्हणतात. परवा प्राचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पेढे कुठायत?"

नेले. मामांनी दोन उचलले. बशा पाहिलेल्या मॅडमनी एक घेतला आणि कागदात गुंडाळून ठेवला.