सासूबाईंना डेव्हन दाखवलं

माझ्या मोठ्या नणंदेने मला एका जुलैत इंग्लंडला नेलं. अबू धाबीत तेव्हा गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही असे दिवस होते. "चल गं, समुद्र, खेडी, सगळं हिरवंगार. तुलाही जरा बदल," ती म्हणाली. माझ्या नवऱ्याला जबल अलीच्या गोदामातून रजा मिळाली नाही, म्हणून मी एकटीच तिच्या कुटुंबाबरोबर गेले. हुरळूनच गेले.

डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्याजवळ तिने एक टुमदार घर भाड्याने घेतलं होतं. तिथे पोचल्यावर तिने सांगितलं की धाकट्या बाळाला फिरायला न्यायचं नाही. "वारा फार असतो. तू थांबशील ना त्याच्यापाशी? आणि थोरल्याची सीट, सामान... गाडीत जागा तरी कुठाय?" रोज सकाळी ती, तिचे यजमान आणि थोरला निघत, आणि मी दारात उभी राहून बाळाच्या हाताने त्यांना टाटा करी. क्लोव्हेली नावाचं उभ्या उतारावरचं कोळ्यांचं गाव, लिन्मथची कडा चढणारी रेल्वे, वुलाकूमची मैलभर वाळू, ही सगळी ठिकाणं मी संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तिच्या फोनवर पाहिली. थोरला येऊन विचारायचा, "मामी, व्हॉट्स फॉर डिनर?" मला स्वतःच्या डोळ्यांनी काय दिसलं, तर किचनच्या खिडकीतून शेजारच्या शेतातल्या मेंढ्या.

तेही मी गिळलं असतं. पण परत आल्यावर अल रीम आयलंडवरच्या तिच्या फ्लॅटमध्ये पार्टी होती. तिच्या एका मैत्रिणीने मला सहज विचारलं, "मग, काय आवडलं इंग्लंडमध्ये?" मी तोंड उघडायच्या आत नणंदबाई म्हणाल्या, "हिला काय, डिशवॉशर आवडला!"

सगळे हसले. मीही हसले. माझ्या त्या हसण्याची चीड मला सगळ्यात जास्त आली.

घरी येताना नवरा म्हणाला, "ताईचा स्वभाव तुला माहीत आहे ना. सोडून दे." मी सोडलं नाही. मी नोकरी करते त्या क्लिनिकच्या रिसेप्शनवर फोन घेताना, भाजी निवडताना, आंघोळ करताना मी एकच विचार करत होते, हिला लागेल असं काय करता येईल? भांडून उपयोग नव्हता, भांडणात ती मला भारी होती. उत्तर सुचलं ते आमच्या खलिफा सिटीच्या घरातच बसलेलं होतं. सासूबाई. तिची सख्खी आई. इतकी वर्षं त्या आमच्याकडे राहत होत्या, आणि "आईचे गुडघे" म्हणून लेकीने त्यांना कधी कुठे नेलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यासाठी मी दोघींचा व्हिसा काढला. नवरा चक्रावला. "आईला घेऊन? तू हे कशासाठी करतेयस?"

"फिरायला," मी म्हटलं.

ताईला कळू द्यायचं नाही असं मी दोघांनाही बजावलं होतं. डेव्हनमधल्याच बार्नस्टेपल गावात एका म्हाताऱ्या बाईकडे खोली घेतली आणि तिथून बसने हिंडलो. पहिलं ठिकाण अर्थातच क्लोव्हेली. गावातली एकुलती एक वाट गोट्यांची, घसरडी, थेट बंदरापर्यंत उतरणारी. गाड्यांना मज्जाव. सामानसुद्धा लाकडी घसरगाडीवरून ओढत नेतात. सासूबाई नऊवारीवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज घालून, माझा दंड धरून एकेक पाऊल टाकत होत्या. वर यायला मागच्या रस्त्याने जीप मिळते ही चौकशी मी आधीच केली होती. बंदराच्या कठड्यावर त्यांना बसवलं आणि फोन काढला. ताईने गेल्या वर्षी फोटो काढला होता तीच जागा.

"आई, जरा हसा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मला इथे कशाला आणलंस ते मला कळतं हो."

मी फोनचा कॅमेरा उगाच ओढणीने पुसला.

"तिला खुपावं म्हणून. असू दे. पदर नीट आलाय का बघ, आणि मग काढ."

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आईंना फार आवडलं.' ताईने पाहिल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आलं नाही. मला इतकं बरं वाटलं की बंदरावरची दोन आइस्क्रीमं मी एकटीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी लिन्मथ. तिथल्या रेल्वेत वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. "रहाटच की," सासूबाई म्हणाल्या. मी व्हिडिओ टाकला. वुलाकूमला त्या साडी घोट्याच्या वर धरून थंड पाण्यात उभ्या होत्या तेव्हा ताईचा फोन आला. मी स्पीकर लावून त्यांच्या तोंडाशी धरला.

"आई, मला सांगायचंस ना! मी नेलं असतं."

"तू गेली होतीस ना गेल्या वर्षी. गाडीत जागा नव्हती म्हणे."

पलीकडे ताई रडायला लागली. सासूबाईंनी फोन बंद करायची खूण केली. "पोटची पोर आहे माझी," त्या म्हणाल्या. "आता पुरे." मी हो म्हटलं. आणि सकाळी आणखी एक फोटो टाकला, त्यांच्या नकळत. तो सगळ्यात चांगला आला होता.

त्यानंतर ताईने माझ्याशी बोलणं टाकलं. पण गणपती झाल्यावर ती आली ती थेट आईची बॅग भरायला, आणि सासूबाईंना महिनाभर रीमला घेऊन गेली. रोज तिचे फोटो ग्रुपवर यायचे. आई मॉलमध्ये, आई बोटीवर, आई कॉर्निशच्या समुद्रकाठी. मी ते बघायचे नाही असं ठरवून प्रत्येक फोटो मोठा करून बघायचे. घरात चहाला सोबत नव्हती. वार तिचाही बरोबर बसला होता.

महिना संपला त्या शुक्रवारी मी आणायला गेले. दार ताईनेच उघडलं. "आई आत आहे," एवढंच बोलली. पाणीसुद्धा विचारलं नाही. सासूबाई बॅग घेऊन तयारच होत्या. "राहा ना आणखी," ताई म्हणाली. "दिवाळीत नेतेच तुला. तिकडे जॉर्जियाला जाऊ, बर्फ बघायला." हे ती आईकडे बघत, पण मला ऐकवत बोलली.

"बघू, इन्शाल्ला," सासूबाई म्हणाल्या. हा शब्द त्या कुठे शिकल्या कोण जाणे.

गाडीत मी धुमसत होते. बर्फ! मग मी बर्फाहून मोठं काय दाखवू? सासूबाईंनी सीटबेल्ट लावला, एसीची हवा स्वतःच्या तोंडावरून दुसरीकडे वळवली आणि म्हणाल्या, "तुम्हा दोघींच्या भांडणात माझी मात्र चंगळ आहे बाई. इतक्यात मिटवू नका."