सॅलमिसच्या खाडीत बाबा

एडिनबरात पहिली टर्म संपेपर्यंत मी सेमिनारमध्ये एक वाक्यही बोलले नव्हते. प्राचीन इतिहासाच्या आमच्या गटात आम्ही बारा जण. बाकीच्यांच्या घरी पुस्तकांच्या भिंती होत्या, सुट्टीत ते अथेन्स बघून आलेले. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. डिसेंबरमध्ये ट्यूटरनी मला थांबवून घेतलं आणि अगदी सौम्यपणे सांगितलं, की जानेवारीतला एक सेमिनार मी चालवायचा, सॅलमिसच्या लढाईवर. तोही जमला नाही, तर हा कोर्स माझ्यासाठी आहे का, याचा आपण विचार करू. मी मान हलवली. कोर्स बदलायचा फॉर्म त्याच संध्याकाळी डाउनलोड करून ठेवला.

ख्रिसमसला साउथहॅम्प्टनला घरी आले. बाबा तिथल्या बंदरात दोरांचं काम करतात. जहाज धक्क्याला लागलं की वरून सोडलेले मांडीएवढे जाड दोर ओढून घ्यायचे आणि लोखंडी खुंटांना अडकवायचे. आई केअर होममध्ये कामाला आहे. त्या दिवशी दोघांनाही सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात जमिनीवर नकाशा पसरून बसले होते.

"आधी आम्हाला शिकव," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "आम्हाला कळलं तर त्यांना कळेलच."

मग मी सांगायला लागले. इराणचा सम्राट प्रचंड आरमार घेऊन ग्रीसवर चालून आला. अथेन्स जाळलं. ग्रीकांची जहाजं सॅलमिस बेटाच्या आड, चिंचोळ्या खाडीत थांबली होती. इराणी आरमार त्या खाडीत शिरलं आणि तिथेच हरलं.

"आपण कुणाकडून?" आईनं विचारलं.

"आई, इतिहास आहे गं. आपण कुणाकडूनच नाही."

"असं कसं? कुणीतरी जिंकावंसं वाटतंच की."

बाबा चष्मा लावून नकाशाशेजारी गुडघ्यांवर बसले. खाडीच्या तोंडावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "सम्राट स्वतः जहाजावर होता?"

"नाही. तो इथे, किनाऱ्यावरच्या डोंगराच्या उतारावर बसला होता. शेजारी कारकून. कोण चांगलं लढतंय, त्यांची नावं लिहून घ्यायला."

"मग संपलंच," बाबा म्हणाले.

"काय संपलं?"

"अगं, साहेब धक्क्यावर आला ना, की कुणी मागे राहत नाही. एकदा आमचा मोठा साहेब पाहुणे घेऊन आला होता. एरवी पहिला दोर नीट बसल्याशिवाय आम्ही दुसऱ्याला हात लावत नाही. त्या दिवशी सगळे एकदम धावले. दोर तुटला तो माझ्या कानाजवळून गेला." त्यांनी बोट खाडीतून मागे नेलं. "हे मागचे. ह्यांना पुढे काय झालंय ते दिसत नाही. साहेब मात्र दिसतो. पुढचा वळून परत निघाला तरी हे घुसतच राहणार. जागा कुठंय?"

लढाईनंतर काही दशकांनी एका ग्रीक इतिहासकारानं हेच लिहून ठेवलंय: पुढची जहाजं पळायला वळली, मागची राजाला पराक्रम दाखवायला पुढे सरकली आणि आपल्याच जहाजांवर आदळली. ते वाक्य मी चार वेळा वाचून अधोरेखित केलं होतं, तरी मला त्यात पाणी दिसलं नव्हतं. बाबांनी ते पुस्तक पाहिलेलंही नाही.

"पाण्यात पडले त्यांचं काय झालं?" बाबांनी विचारलं.

"ग्रीक पोहून बेटावर गेले. इराणी बरेच बुडाले. त्यांना पोहता येत नव्हतं."

लाटणं थांबलं. बाबा दुष्काळी माणदेशातले, त्यांनाही पोहता येत नाही. रोज लाइफजॅकेट घालून ते पाण्याच्या काठावर उभे असतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण त्यातला धोका असा कधी दिसला नव्हता.

"आतल्या मुलखातले असणार बिचारे," बाबा म्हणाले. आपल्या शिफ्टमधल्या माणसांबद्दल बोलावं तसं. अडीच हजार वर्षं आमच्या फरशीवर येऊन बसली होती.

जानेवारीत सेमिनारला मी लिहून आणलेलं वाचायला लागले. मध्येच एका मुलीनं विचारलं, "त्या आरमारात तर मुरलेले खलाशी होते. ते अशी साधी चूक कशी करतील?" पुस्तकातलं एक उत्तर माझ्या कागदावर होतं. मी कागद खाली ठेवला.

"माझे बाबा साउथहॅम्प्टनच्या धक्क्यावर दोरांचं काम करतात," मी म्हणाले, आणि साहेबाची, तुटलेल्या दोराची गोष्ट सांगितली. मध्ये दोनदा अडखळले. कुणी हसलं नाही. उलट तीच मुलगी नकाशा स्वतःकडे ओढून मागच्या जहाजांची जागा बघायला लागली, आणि पुढचा तासभर सगळे त्याच खाडीत होते.

शेवटी ट्यूटरनी विचारलं, "निबंधात याला संदर्भ काय देशील?"

मी घाबरले. "पुस्तक नाहीये. फक्त बाबा."

"मग तसंच लिही. तळटीपेत नाव, काम, संभाषणाची तारीख. त्याचीही पद्धत असते."

खोलीवर आल्यावर मी तो फॉर्म लॅपटॉपमधून काढून टाकला आणि घरी फोन लावला.

"बाबा, निबंधात तुमचं नाव घालतेय. इतिहासकारांच्या खालोखाल."

"माझं कशाला? मी काय केलं?" मग जरा घाबरून, "कंपनीचं नाव नको हं घालू."

"नाही घालत. फक्त तुमचं, आणि काम काय करता ते."

पलीकडे आई मागून काहीतरी विचारत होती.

"अठरा वर्षं," बाबा म्हणाले. "अठरा वर्षं करतोय, तेवढं घाल."